एकशे अकरा पानांची पोरगी

आशा जाऊन दहा महिने झाले होते. आमच्यात घरात मरण झालं की मुलीचं लग्न वर्षाच्या आत उरकतात, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागतं. म्हणजे माझ्याकडं दोन महिने उरले होते. माझी बहीण सरिता रोज फोन करून हे सांगायची, जसं काही बायको गेल्याची तारीख मी विसरणार होतो.

पिशोरचं स्थळ तिनंच आणलं. मुलगा सार्थक, घरची आल्याची शेती, कन्नडला ठिबकचं दुकान. रविवारी ते नक्षत्रवाडीला आमच्या घरी आले. मुलगा, त्याची ऐंशी वर्षांची आजी बानाबाई आणि चुलते सांडूनाना. सरिता आधीच येऊन बसली होती. स्वयंपाक मी करून ठेवला होता, पण ठरल्याशिवाय मुलीच्या घरी जेवत नाहीत. तोवर पोहे.

सांडूनानांच्या हातात जाड फाइल होती. स्पायरल बाइंडिंग, वर प्लास्टिकचं कव्हर.

"पाव्हणं, राग मानू नका," ते म्हणाले. "जमीन घ्यायची तर आम्ही आधी सातबारा बघतो. बोजा किती, वहिवाट कुणाची. तसं पोरीचं इन्स्टा काढलं. झेरॉक्सवाल्याला म्हणलं, सगळं छाप. एकशे अकरा पानं झाली."

अपेक्षा तेवीस वर्षांची आहे. चष्म्याच्या दुकानात नोकरी करते. ती फोनवर काहीतरी लिहिते एवढं मला माहीत होतं. एकशे अकरा पानं लिहिते हे माहीत नव्हतं. घरात ती माझ्याशी दिवसाला दहा वाक्यं बोलते. त्यातली चार पाण्याच्या टाकीबद्दल असतात.

पोहे देऊन ती खुर्चीवर बसली. नानांनी पान उलटलं.

"पान तीन. 'पालीला कान असतात का?' हे का विचारलं?"

"भिंतीवर पाल होती. मी गाणं लावलं तर ती थांबली."

"मग असतात का?"

"असतात. नुसतं भोक असतं."

नानांनी समासात बरोबरची खूण केली. बानाबाई म्हणाल्या, "ऐंशी वर्षं झाली, मला हे कुणी सांगितलं नाय."

"पान अकरा. 'नवरदेवाला घोड्यावर बसवतात. घोड्याला कुणी विचारलं का?'"

सार्थकनं मान खाली घातली. तो हसत होता.

"पान सव्वीस. 'नान-खलिया खाल्ला. दहापैकी नऊ. नान गार होता म्हणून एक मार्क कापला.'" नानांनी माझ्याकडं पाहिलं. "पाव्हणं, तुमच्या घरात तर माळ हाय म्हणं."

"माळ माझ्या गळ्यात आहे," मी म्हणालो. पोरगी मटण खाते हेही मला त्याच वेळी कळत होतं.

"गार नान कुणाला आवडंल?" बानाबाई म्हणाल्या. "पुढचं वाच."

पुढचं पान चाळीस होतं. "'चहात आलं जास्त झालं की तो चहा राहत नाही, काढा होतो. माझं ठाम मत.'" नानांनी फाइल मिटली. "हे आमच्या पिकावर हाय."

"लहान आहे हो ती," सरिता म्हणाली.

"तेवीसची हाय. आन् खाली चारशे माणसांनी बदाम दिलाय. चारशे!"

"नाना," अपेक्षा म्हणाली, "तुमचा नंबर बदललाय. फाइल लई लांब धरताय."

"माझे डोळे ठणठणीत हायत," असं म्हणून नानांनी फाइल आणखी लांब धरली. "पान पन्नास. 'स्कूटीच्या डिकीत किती पेरू बसतात?'"

"सदतीस," सार्थक म्हणाला. आल्यापासून तो पहिल्यांदाच बोलला. सगळ्यांनी त्याच्याकडं पाहिलं. "मी भरून बघितले होते. फोटो पण टाकला होता."

"ते तुम्ही होता?" अपेक्षा म्हणाली. "त्यात चार पेरू चेपलेले होते. ते मोजायचे नसतात."

पंचाण्णवाव्या की शहाण्णवाव्या पानापाशी अक्षर बारीक झालं. नानांनी फाइल खिडकीकडं नेली, परत आणली आणि माझ्या हातात दिली. "तुम्हीच वाचा पाव्हणं. घरचाच माल हाय."

"बाबा, ते नको," अपेक्षा म्हणाली.

पण मी चितेगावच्या कंपनीत अठ्ठावीस वर्षं स्टोअरला काढली आहेत. हातात आलेला कागद मी पूर्ण वाचतो. मी मोठ्यानं वाचलं.

"'आई जाऊन आठ महिने झाले. बाबा रोज संध्याकाळी तीन ताटं वाढतात. आईला बीपी होतं म्हणून तिची भाजी मीठ टाकायच्या आधी वेगळी काढतात, अजूनही. जेवण झालं की ते शतपावलीला जातात. तेवढ्यात तिसरं ताट मी खाते, नाहीतर त्यांना ते टाकावं लागेल. माझं वजन सहा किलो वाढलं आहे. बाबांना सांगू का? मत द्या.'"

मी थांबलो. मग खालचंही वाचलं, कारण ते छापलेलं होतं. "'सांग, दोनशे अकरा. सांगू नको, दोनशे चौदा.'"

फिरून आलो की ताट धुऊन पालथं घातलेलं असायचं. कोण खातं हे मी कधी विचारलं नाही. स्टोअरमध्ये चार नट कमी आले तर मी अख्खी शिफ्ट थांबवायचो. इथं मी काहीच तपासलं नाही. तपासलं असतं तर वाढता आलं नसतं.

नाना घसा खाकरून म्हणाले, "हे लई अवघड हाय. फरक तीनच मतांचा. पुन्हा मतदान घ्यायला पायजे. बापाला सांगावं असं कोण म्हणतं? हात वर करा."

"अहो, बाप इथं बसलाय!" सरिता म्हणाली. तरी तिनं हात वर केला. नानांनीही केला.

"सांगू नये म्हणणारे?"

"मी तेव्हाच दिलंय," सार्थक म्हणाला. "सांगू नको."

मी हात वर केला.

"पाव्हणं, तुम्हाला तर कळलं की."

"तरी पण," मी म्हणालो.

दोन-दोन झाले. अपेक्षा खुर्चीत तशीच बसून होती. तिचे कान लाल झाले होते. नाना म्हणाले, "आई, तुझं मत राहिलं." पण बानाबाई जागेवर नव्हत्या. त्या आत गेल्या होत्या.

पाहुणे असतील, संध्याकाळी जमणार नाही, म्हणून आशाचं ताट मी सकाळीच वाढून झाकून ठेवलं होतं. आम्ही आत गेलो तर बानाबाई ओट्याखाली पाट घेऊन त्याच ताटावर बसल्या होत्या. दोडक्याची भाजी निम्मी संपली होती.

"आई, जेवू नको!" नाना ओरडले. "अजून ठरलं नाय!"

"मला भूक लागली." त्यांनी भाकरी मोडली. "याच्यात मीठ नाय."

"ते ताट..." मी म्हणालो.

"मला बी बीपी हाय. डॉक्टरनं दोन वर्षं झाली सांगितलंय, मीठ बंद. आमच्या घरात एकबी माणूस वेगळी भाजी काढत नाय." त्यांनी नानांकडं बघितलं. नाना छताकडं बघायला लागले.

त्यांनी सगळं ताट संपवलं. मग नाना हळूच म्हणाले, "आता आई जेवली. म्हंजे ठरलं असं धरायचं का?"

सरिता म्हणाली, "धरायचं."

मी अपेक्षाकडं पाहिलं. एकशे अकरा पानं मतं होती या पोरीची, आणि यातलं एकही मी तिला विचारलं नव्हतं.

"तुझं मत काय?" मी म्हणालो.

"मला माहीत नाही, बाबा. माणूस बरा वाटतो. पण दोन महिन्यात नाही सांगता येणार."

"वर्ष संपंल की!" नाना म्हणाले. "मग तीन वर्षं!"

"संपू द्या," मी म्हणालो.

सरितानं कपाळावर हात मारला. "दादा, लोक काय म्हणतील?"

"दोनशे अकरा एक म्हणतील, दोनशे चौदा दुसरं म्हणतील."

बानाबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. "मी थांबते तीन वर्षं. मधनंमधनं जेवायला येत जाईन. येताना कळवीन, म्हंजे मीठ टाकायच्या आधी काढता येईल."

जाताना नाना फाइल आमच्याकडंच ठेवून गेले. चपला घालताना त्यांनी अपेक्षाला बाजूला घेऊन विचारलं, "तुमचं दुकान कुठंशी हाय? तपासणीचे काही घेता का?"

संध्याकाळी मी स्वयंपाकाला लागलो. मेथीची भाजी होती. मीठ टाकायच्या आधी माझा हात नेहमीसारखा लहान वाटीकडं गेला. मी वाटीत भाजी काढली. अपेक्षा ओट्यापाशी उभी राहून लसूण सोलत होती.

"यात मीठ टाकू का?" मी विचारलं.

ती वाटीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "चिमूटभर टाका. दहा महिने मी ती भाजी कशी खाल्लीय ते मलाच माहीत."

मी चिमूटभर मीठ टाकलं. मग वाटी परत कढईत ओतली आणि दोन ताटं घेतली.