महाराजांना दिसलेली पडकी भिंत

सिंधुताईंच्या अंगणात बाया मोबाइलभोवती दाटीनं बसल्या होत्या. स्पीकरवर धरणीनाथ महाराजांचा आवाज घुमत होता.

"माते, तुझ्या घराची मागची भिंत भूकंपात पडली. पुढं पत्र्याचं शेड, दारात लिंब. सारं दिसतंय मला."

"हाव महाराज," सिंधुताई पुटपुटल्या. महाराज शिरूर अनंतपाळच्या वाटेलाही कधी आले नव्हते.

"लेक वैष्णवी लातुरात, तिसरा मजला, गॅलरीकडची खोली. त्या छताला तडा जातोय. सूर्य मावळायच्या आत तू मागवलेलं यंत्र जागं झालं पाहिजे. फोनवर सिद्ध आकडे आलेत, ते वाच."

सकाळीच जमिनीनं बारीक हिसका दिला होता.  वैष्णवी क्लासमध्ये होती. तिथं फोन जमा करून घेतात. सिंधुताई आकडे वाचणार, तोच मी पुढं होऊन कॉल तोडला.

"मॅडम, तुमचं विज्ञान शाळेत ठिवा," शेजारच्या पार्वतम्मा म्हणाल्या. "त्र्याण्णवच्या भूकंपाचं कोन्त्या विज्ञानानं सांगितलं हुतं?"

"नव्हतं सांगितलं. आजही सांगता येत नाही. पण महाराजांना भिंत कुठून दिसली, ते शोधता येईल. सिंधुताई, ते भूकंप-रक्षक यंत्र मागवताना पत्ता काय लिहिला?"

"आपल्याकडं घराला नंबर कुठंय? खुणा लिवल्या. पडकी भिंत, शेड, लिंब. एक यंत्र पोरीला धाडाया सांगितलं, तिचा मजला, खोली लिवली. कार्डाचा नंबर बी भरला."

मी माझ्या फोनवर यंत्राची तीच वेबसाइट उघडून माझी मागणी भरली. कार्डाऐवजी 'पैसे वस्तू हातात आल्यावर' निवडलं. कुणासाठी? मुलगा अंबरीश. खूण? लाल माडी, शेजारी काळी विहीर. मला मुलगा नाही आणि वस्तीत लाल माडी नाही.

सिंधुताईंचा फोन पुन्हा पुन्हा वाजत होता. त्यांनी तो पदरात घट्ट धरला. "तवर छत पडलं तर, मॅडम?"

 सावल्या लांबल्या तेव्हा माझा फोन वाजला. मी स्पीकर लावला.

"माते, अंबरीशवर संकट आहे. लाल माडीजवळच्या काळ्या विहिरीत बुडताना दिसतोय."

"लई खोल हाय का हो विहीर?" पार्वतम्मांनी विचारलं.

"अथांग."

"आमच्या वस्तीला बोअर हाय, महाराज. विहीरच न्हाई."

पलीकडून फोन बंद झाला. कुणी हसलं नाही.

मग मी समजावलं. आपण लिहिलेलंच ते वाचून दाखवत होते. कार्डाचा नंबर त्यांच्याकडं होताच, 'सिद्ध आकडे' म्हणजे बँकेचा ओटीपी, फक्त तो हवा होता. तो दिला असता, तर वैष्णवीची फी खात्यातून गेली असती. आम्ही बँकेला सांगून कार्ड बंद केलं, पोलिसांना कळवलं. क्लास सुटल्यावर वैष्णवीचा फोन आला तेव्हा सिंधुताईंनी आधी छताचंच विचारलं.

मी बायांना सांगितलं: अनोळखी वेबसाइटवर काही मागवण्याआधी ती कुणाची आहे, ते पाहा. ओटीपी कुणालाही सांगू नका. समोरचा घाबरवत असेल, तर आधी फोन ठेवा.

"उद्या लातूरला जाते," सिंधुताई म्हणाल्या. "छत बघून आल्याबिगर झोप न्हाई लागायची."

"जा. आणि घरमालकाला विचारा, इमारत इंजिनिअरनं तपासलीय का."