हळदीचा डाग आणि पहिलं पान

आमचं दुकान गूगलवर पहिल्या नंबरला आलं, त्या दिवशी मी अख्ख्या गल्लीला खमण वाटलं. ते कुठेच आलेलं नाही हे संध्याकाळ व्हायच्या आत कळलं, पण तोवर लोकांचं खमण पचलं होतं.

दुकान म्हणजे माझी सून हर्षदा हिचं ऑनलाइन दुकान, 'निळी किनार'. सुरतेतल्या भेस्तानच्या आमच्या घरात पुढच्या खोलीतलं एक कपाट, एवढाच त्याचा पसारा. माल एकाच जातीचा, पांढरी साडी आणि तिला निळा काठ. आमच्या बौद्ध बायका विहारात, जयंतीला हीच नेसतात आणि आमच्या नवऱ्या लग्नातही पांढरीच नेसतात. दुकानाला जोडून एक ब्लॉग होता. लोकांनी फोनवर काहीतरी शोधावं, शोधता शोधता आमचा लेख वाचावा आणि वाचता वाचता दुकानात शिरावं, असा त्यामागचा हिशेब. लिहायचं काम माझ्याकडे, कारण "आई, तुम्ही बोलता छान," असं हर्षदा म्हणाली. मी फोनपुढे बोलायचे, फोन ते टाइप करायचा आणि हर्षदा त्यातल्या चुका काढायची.

तर त्या दिवशी हर्षदाने फोनवर 'पांढरी साडी निळा काठ' टाकलं आणि सगळ्यांच्या वर आम्ही! मी माझ्या फोनवर बघितलं, तिथेही आम्हीच. मग खमण. दुपारी हर्षदाच्या बहिणीला, स्वातीला, बारडोलीला फोन करून सांगितलं. तिने शोधलं तर पहिल्या पानावर नाही, दुसऱ्यावर नाही. पाचव्या पानापर्यंत जाऊन ती म्हणाली, ताई, माझा अंगठा दुखला.

हर्षदा भिंतीला टेकून बसली. "आई, आपला फोन आपल्याला ओळखतो. आपण रोज तेच पान उघडतो, म्हणून तो आपल्याला तेच वर आणून दाखवतो."

म्हणजे घरच्यांनी घरच्यांना दिलेली शाबासकी. मी तर विहारातल्या सगळ्या बायकांना रोज आमचं पान उघडायला बसवलं होतं. त्यांचेही फोन आता आम्हाला ओळखायला लागले होते. बाहेरच्या जगाला मात्र आमचा पत्ता नव्हता.

ही गोष्ट हसण्यावारी नेता आली असती, पण एप्रिल सुरू झाला होता. कामरेजच्या एका पॅकिंग कंपनीत हर्षदाला हिशेबाची नोकरी मिळत होती, आणि लग्नसराई होईपर्यंत ती जागा तिच्यासाठी थांबणार होती. तिचं तिनेच ठरवलं होतं. लग्नाच्या हंगामातही लग्नाची साडी खपली नाही तर दुकान बंद. माझा मुलगा योगराज पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये जातो. तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. हर्षदा रोज कपाट उघडायची, घड्या नीट करायची, पुन्हा लावून टाकायची. ते मला बघवत नव्हतं.

मग एके दिवशी ब्लॉग वाचून पहिला फोन आला. एक गुजराती काका बोलत होते. हर्षदा आनंदाने उभीच राहिली. साडी किती वारी, कापड कोणतं, सगळं तिने सांगितलं. काका म्हणाले, सगळं बराबर छे, पण काठ काढून मिळेल का? बेसण्यासाठी पाहिजे. बेसणं म्हणजे माणूस गेल्यावर इथे लोक भेटायला येऊन बसतात ते. तिथे रंग चालत नाही.

फोन ठेवल्यावर उलगडा झाला. माझा लेख होता 'पांढऱ्या साडीचे महत्त्व'. सुरतेत पांढरी साडी म्हटलं की बाजार आधी मयतीचं कापड दाखवतो, आणि त्या ढिगात आमची नवरी जाऊन बसली होती. पांढऱ्या साडीचं महत्त्व आमच्या माणसांना ठाऊकच होतं, त्यांना ते शोधायची गरज नव्हती. आणि ज्यांना शोधायचं होतं त्यांना आमचा काठ नको होता. मला हसू यायला लागलं. हर्षदा आधी रागावली, मग तीही हसली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. तिचा मूड कुठल्या बाजूला झुकतोय ते मला कळेना, म्हणून मी चहा टाकला.

चहा उकळतोय तोच सीताबाई दारात. शेजारच्या गल्लीतली, माझ्याच अकोल्याकडची. तिच्या पोरीचं लग्न दोन दिवसांवर आलेलं. आमची लग्नं साधी, त्रिसरण-पंचशील झालं की झालं, पण हळदीचा हौशी हात काही घराघरांतून सुटलेला नाही. तो हात नेमका नवरीच्या पांढऱ्या साडीला लागला होता.

"सुमनताई, साबण लावला त लालच झाली वं! रक्त सांडल्यावानी. आता पोरीले काय नेसवू?"

मी म्हटलं, घाबरू नको, हळदीला साबण लागला की ती लाल होतेच. साध्या पाण्यात खळखळून काढ, पुन्हा पिवळी होईल. मग साबण नाही, घासणं नाही, ओलीच्या ओली उन्हात टाक. डाग वरच्या बाजूला ठेव, सुकली की परत भिजव. ऊन खाऊन टाकेल. हे माझ्या आईने मला सांगितलेलं, आणि मी दर लग्नसराईत कुणाला ना कुणाला सांगत आलेली. सीताबाई धावतच गेली.

मी मागे वळले तर हर्षदा फोनमध्ये तोंड खुपसून बसलेली. तिने शोधायच्या जागी नुसतं 'पांढऱ्या साडीवर' एवढंच लिहिलं होतं, आणि खाली फोन स्वतःहून सुचवत होता: पांढऱ्या साडीवर हळदीचा डाग कसा काढायचा. पांढऱ्या साडीवरचा डाग लाल झाला.

"आई, लोक हे विचारतायत. आणि आत्ता विचारतायत."

"मग आपण एवढे दिवस काय सांगत होतो?"

"न विचारलेलं."

तेव्हापासून आमच्या घरात जी धांदल उडाली तिला तोड नाही. मी बसल्या बैठकीला लेख सांगितला. शुभ्रतेपासून सुरुवात केली, बुद्धांच्या उपासकांची पांढरी वस्त्रं, मनाची शुद्धता, असं करत करत डागापर्यंत आले. मला तो लेख फार आवडला. हर्षदाने वाचला आणि वरचा सगळा भाग पुसून टाकला.

मला लागलं. मी म्हटलं, अगं, जरा प्रस्तावना नको का? ती म्हणाली, आई, सीताबाई दारात आली तेव्हा तुम्ही तिला प्रस्तावना सांगितली होती का?

मी भाजी निवडायला बसले. तासाभराने उठून म्हटलं, घे, पहिली ओळ लिहून घे. 'साबण लावू नका. लावला असेल आणि डाग लाल झाला असेल तरी घाबरू नका.' तिने लिहून घेतली आणि माझ्या गालाला हात लावला.

नंतर फोटो. हर्षदाचं म्हणणं, फोटो दुसऱ्याचे उचलायचे नाहीत, लोकांना लगेच कळतं. मग डाग आणायचा कुठून? मी कपाटातून एक नवी कोरी साडी काढली, हळदीत बोटं बुडवली आणि पदरावर फासली. विकायच्या मालावर माझे पिवळे पंजे. मग साबण लावून तो डाग लाल केला, धुऊन पिवळा केला आणि साडी गच्चीवर नेली. सुरतेचं एप्रिलचं ऊन, त्याला काय सांगावं लागतं! मी छत्री घेऊन शेजारी बसले आणि हर्षदा थोड्या थोड्या वेळाने वर येऊन फोटो काढून गेली. डाग केशरी, मग लिंबू, मग नुसता वहीम. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघींनी पदर उजेडात धरून डाग शोधला, तर त्याची जागाही सापडेना. मला असा आनंद झाला की जणू ऊन मीच पाडलं होतं.

लेख चढवला. खाली शेवटी हर्षदाने एकच ओळ घातली, 'पांढऱ्या साड्या इथे बघा', आणि ती ओळ दुकानाला जोडली. मी म्हटलं, मोठ्या अक्षरात लिही. ती म्हणाली, नको, ज्याला बघायचं तो बघेल.

आता नंबर बघायचा, पण आमच्या ओळखीचा एकही फोन भरवशाचा नव्हता. म्हणून मी अनोळखी फोनांच्या मागे लागले. शेअर रिक्षात शेजारच्या पोरीला म्हणायचे, बेटा, मेरी साडी पे हल्दी गिरी है, जरा मराठी में देखेगी? भाजीवाल्याच्या बायकोला म्हणायचे, ताई, तुमच्या फोनवर जरा हळदीच्या डागाचं बोलून बघा ना. लोक भले असतात, लगेच शोधून देतात. वर स्वतःचेही उपाय सांगतात. एकीने मला टूथपेस्ट लावायला सांगितली आणि मी मान डोलावत तिच्या अंगठ्याकडे बघत राहिले. तिसऱ्या पानावर होतो. मग दुसऱ्या. मग एका दुपारी उधन्याच्या बस थांब्यावर एका कॉलेजच्या मुलीच्या फोनवर पहिल्या पानाच्या अगदी तळाशी आमची लाल डागाची साडी दिसली. मी त्या मुलीचा हातच धरला. तिला वाटलं, मला चक्कर आली. तिने मला पाणी पाजलं.

घरी येऊन हर्षदाला सांगितलं. ती हसली आणि पुन्हा कपाटातल्या घड्या नीट करायला लागली. लोक येत होते, वाचत होते, डाग काढत होते आणि जात होते. साड्या अधूनमधून एखादी जायची. मे सरत आला. कामरेजहून बोलावणं आलं.

मीही तिच्याबरोबर गेले, उगाच. कंपनीच्या ऑफिसात पंख्याखाली दोन खुर्च्या आणि समोर दीप्ती नावाची मराठी मुलगी. तीच सह्या घेणार होती. हर्षदा कागद वाचायला लागली. ती एकेक ओळ सावकाश वाचत होती, आणि तिला इतकं सावकाश वाचताना मी कधी बघितलं नव्हतं.

मला राहवेना. मी दीप्तीला म्हटलं, बाळा, जरा तुझ्या फोनवर बघशील? पांढऱ्या साडीवर हळद पडली तर काय करायचं ते. हर्षदाने माझ्याकडे जे बघितलं, ते मी इथे सांगत नाही.

दीप्तीने शोधलं. सगळ्यांत वर आम्ही. ते पान आमचंच, हे मी तिला सांगितलं नाही. दीप्तीने पान उघडलं, लाल डागाचा फोटो बघून "अय्या" म्हणाली आणि वाचत गेली. तिच्या ताईच्या लग्नात हेच झालं होतं म्हणे, साडी टाकून द्यावी लागली. वाचत वाचत ती खाली पोचली. आम्ही दोघीही तिच्या बोटाकडे बघत होतो. बोट त्या बारक्या ओळीवर थांबलं आणि ओळ दाबली गेली. साड्या उघडल्या. दीप्ती एकेक मोठी करून बघायला लागली. आम्ही समोर बसलोय हे ती विसरून गेली होती.

"छान आहेत हो," ती म्हणाली. "यात हिरवा काठ मिळत असेल का?"

हर्षदाने कागद उलटा करून टेबलावर ठेवला. मग ती उभी राहिली, दीप्तीला नीट शब्दांत धन्यवाद दिले आणि म्हणाली, ही जागा तुम्ही दुसऱ्या कुणाला द्या.

आणि गंमत बघा, एवढे दिवस जिच्यासाठी मी रिक्षा-रिक्षात फोन मागत फिरले, तीच गोष्ट समोर घडली आणि मीच घाबरले. मी तिला जिन्यातच गाठलं. म्हटलं, अगं वेडे, महिन्याचा पगार आहे. एका पोरीने साड्या बघितल्या म्हणून कुणी नोकरी सोडतं का? तिने घेतली तरी का?

हर्षदा पायरीवर थांबली. तिचा चेहरा लग्नाच्या दिवशी होता तसा उजळला होता.

"आई, तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती डागासाठी आली आणि आपलं आपण खाली गेली. अशा किती जणी जात असतील, आणि त्यांना काय पाहिजे ते मी कधी विचारलंच नाही. हिने तर सांगूनसुद्धा टाकलं."

"हिरवा काठ?"

"हिरवा काठ. आणखी काय काय विचारतील!"

मी म्हटलं, त्या सगळ्यांत आधी विचारतील, पांढऱ्या साडीखाली परकर कोणत्या रंगाचा घालायचा. सगळ्या पांढरा घालतात आणि मग तो आरपार दिसतो. बदामी घालावा.

"थांबा, थांबा," म्हणून तिने फोन काढला आणि माझ्या तोंडासमोर धरला. "पहिली ओळ सांगा. प्रस्तावना नको."

जिन्यातून लोक वर-खाली जात होते. मी भिंतीला सरकले, घसा साफ केला आणि सांगायला लागले.