बस्करपट्टीला ठाऊक होतं

मित्रांनो, मी तागाची बस्करपट्टी. जुनी, कडेनं उसवलेली, शाईचे डाग मिरवणारी. नांदुऱ्याच्या बाजारातून एसटीच्या टपावर बसून मी जळगाव जामोदकडच्या एका खेड्यातल्या शाळेत आले. तेव्हा माझे लाल-हिरवे पट्टे असे खुलून दिसत, की तपासणीला आलेले साहेबही चप्पल काढून माझ्यावर बसले होते. पुढं कोण कौतुक करतो! पहिलीच्या पोरांनी माझे दोरे उपसले, माझ्यावर नाकं पुसली, बोरांच्या बिया माझ्याखाली दडवल्या. मला त्याचा कधी राग आला नाही. राग आला तो एकदाच.

त्या दुपारी खिचडी झाली होती. जेवल्यावर आपापली थाळी हापशीवर धुवायची, असा आमच्या शाळेचा नियम. छकुलीला हापशीचा दांडा दाबता येत नसे, म्हणून तिची थाळी सारिकाच धुवायची. दोघी पहिलीतल्याच, पण सारिका कामाला चलाख.

छकुली वर्गात येऊन माझ्यावर बसली. संडासात पाल असते म्हणून तिनं सकाळपासून धरून ठेवलं होतं. आता तिला निभेना. मी भिजले. ती गुपचूप पलीकडे सरकली. तेवढ्यात थाळ्या धुऊन, पुढून चिंब झालेली सारिका आली आणि नेमकी त्या जागी टेकली.

वंदना मॅडम वर्गात आल्या, त्यांना वास आला. "कोणी केलं हे?"

छकुलीचं तोंड उतरलं. सहा वर्षांचं पोर ते, भीतीपोटी बोलून गेलं, "मॅडम, सारिकानं."

"नाई मॅडम! मी तं छकुलीची थाळी धुऊन राह्यली होती!"

मॅडमनी सारिकाचा फ्रॉक चिमटीत धरून पाहिला. ओला! झालं, निकाल लागला. छकुलीचा फ्रॉक कुणी पाहिलाच नाही. मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

"करते ती करते, वरून खोटं बोलते? उचल ती पट्टी. सगळ्यांसमोर धू."

एवढीशी पोर मला फरफटत हापशीपर्यंत घेऊन गेली. मागून पोरं टाळ्या पिटत होती, "मुतरी सारिका! मुतरी सारिका!" तिची आई शाळेतच खिचडी शिजवते. ती धावत आली आणि काही न विचारता तिनं लेकीच्या पाठीत दोन धपाटे घातले.

"लाज आणली मले!"

सारिका मला घासत राहिली.

चार दिवसांनी छकुलीनं मला पुन्हा भिजवलं, तेही मॅडमच्या डोळ्यांदेखत. मॅडम काय ते समजल्या. त्यांनी छकुलीला जवळ घेतलं, संडासातली पाल हाकलली, तिची समजूत काढली. फक्त सारिका खरं बोलत होती, हे वर्गाला सांगितलं नाही. मोठ्या माणसानं पोरांपुढं चूक कशी कबूल करायची!

सारिका आता फरशीवर बसते. काल मॅडम मऊ आवाजात म्हणाल्या, "ये बेटा, पट्टीवर बस."

ती भिंतीला चिकटली. "नको मॅडम. माह्याच्यानं वली होते."

तिला आता खरंच तसं वाटतं.

मित्रांनो, कुणी कुणाचं नाव घेतलं, तर हसण्याआधी दोघांनाही विचारा. आणि चुकलात, तर जिथं हसलात तिथंच उभं राहून तसं सांगा. सारिकाला अजून कुणीच सांगितलेलं नाही.