मेणावरचा चावा

पांढऱ्या प्लास्टरचे दोन जबडे, वरचा खालच्यावर टेकलेला, आणि वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये मोजपट्टी सरकवायला जागाच नाही... सकाळपासून तिसऱ्यांदा शून्य! बावीस वर्षं ती दवाखान्याच्या या मागच्या खोलीत लोकांच्या दातांचे साचे ओतत होती, पण हा साचा तिचा स्वतःचा – आणि वरचे दात जरा बाहेर आहेत हे तिला आरशाशिवायही ठाऊक होतं. मग फट शून्य कशी? चौदाव्या वर्षी तारा लावून ते आत नेले होते. मग दात जागीच राहावेत म्हणून रोज घालायची प्लेट तिने डबीत ठेवून दिली, आणि दात हळूहळू, कुणाला न सांगता, माघारी आले.

आता बेचाळिसाव्या वर्षी पुन्हा? दात सरळ करणारे पारदर्शक अलाइनर, दिवसाचे बावीस तास, वर्षभर... "नातवंडांना दात फुटतील तेव्हा तुझ्या तोंडात प्लास्टिक!" नवरा म्हणाला होता. त्रास असता तर करायचं की नाही हा प्रश्नच मिटला असता. तो तिने अगदी मनापासून शोधला – चावताना दुखतं का, हिरड्या सुजतात का... छे. देवा, तू धडधाकट तोंड दिलंस आणि मी त्यात खोट शोधत बसलेय.

डॉक्टरीणबाईंनी साचा उचलला आणि त्या हसायलाच लागल्या. "अहो ताई, तुम्ही तर दात आधीच सरळ करून आलात!"

"म्हणजे?"

"चाव्याची नोंद घ्यायला मेण चावलंत, तेव्हा खालचा जबडा पुढे ढकललात. बसा इथे. जीभ टाळूला मागे लावा, आणि आता चावा."

जबडा पुढे? मी?... आणि मग एकेक करून आठवत गेलं – लग्नातले फोटो, ओळखपत्र, दुकानात साधी पिशवी मागताना – फट दिसू नये म्हणून जबडा पुढे धरलेला, सतत, इतका की धरलाय हेच विसरलेली. संध्याकाळी कानापुढे ठणकायचं त्याचं खापर मास्कच्या नाडीवर! प्रार्थनासभेत तासभर गाऊनही कधी ठणकलं नव्हतं. बरोबरच आहे, तिथे तोंड उघडलं की सगळं आपोआप जिथल्या तिथे... देवासमोर कोण जबडा सावरून बसतं?

"मग ही ठणक दातांमुळेच ना?" तिने आशेने विचारलं.

"दातांमुळे नाही हो, लपवण्यामुळे. त्याला अलाइनर लागत नाहीत. जबडा सैल सोडून द्या, झालं."

तिने सोडला. जबडा मागे गेला, घरच्या उशीवर डोकं टेकावं तसा, आणि मेणावर खरा चावा उमटला. नव्या चाव्यावर साचे बसवून मोजपट्टी तिने स्वतः लावली. "चार मिलिमीटर!" ती ओरडलीच, आणि गाण्यातली आवडती ओळ पुन्हा घ्यावी तसं पुन्हा म्हणाली, "चार!" – तोंड भरून हसत, सगळे दात बाहेर.

"मग, करायचे का अलाइनर?"

"विचारून सांगते."

"कुणाला, घरच्या साहेबांना?"

"नाही हो. मलाच. आजवर कधी विचारलंच नव्हतं."

प्लास्टरची नवी वाटी कालवताना उत्तर काही आलं नाही... हो येईल, नाही येईल, येऊ दे निवांत. गळ्यात मात्र सूर आला होता, आणि आज प्रार्थनेची वेळही नव्हती.