हुरबाईच्या नावाची कबर

माझी बहीण रुकय्या बाळंतपणात बाळासकट गेली, आणि आमच्या मेमण जमातीनं तिला कबरस्तानात जागा नाकारली. गुन्हा एवढाच, की तिनं मेमण नसलेल्या माणसाशी निकाह केला. नवरा लखनौचा, शाळामास्तर, पाच वक्ताचा नमाजी. पण मेमण नाही. जमातीच्या दफ्तरातून तिचं नाव खोडायला हात वर करणाऱ्यांत मीही होतो.

सत्तेचाळीसला काठियावाडातलं गाव सुटलं. आजा-पणज्याच्या कबरी तिथंच टाकून जहाजानं कराचीला आलो. इथं खारादरात पुन्हा गाव मांडलं. गावाची जमात, जमातीचा दवाखाना, जमातीचं कबरस्तान. हाकलले गेलेलो आम्ही, हाकलायला मात्र लगेच शिकलो.

मा हट्टानं माझ्यासोबत जमातीच्या कचेरीत आली. "रुकय्याला तिच्या बापाशेजारी निजवायचंय."

सेक्रेटरी जाफरभाईंनी चष्मा पुसला. "हुरमासी, ती जागा तुमच्या नावानं राखलीय. दुसऱ्या कुणाला देता येत नाही."

"मग माझं नाव लिही. मयतांच्या वहीत. हुरबाई आज सकाळी वारली."

"मेलेली बाई एवढी भांडते होय?"

"मेमणाची असली तर भांडते. लिही."

"मासी, एकदा लिहिलं की खोडता येत नाही. विधवांचं धान्य बंद, जमातीची खोली सोडावी लागेल. आणि तुमची वेळ आली की कुठं नेणार तुम्हाला?"

"पोरीचं नाव बरं खोडता आलं तुम्हाला."

जाफरभाई माझ्याकडे वळले. "वारसाची सही लागते. तूच सांग बाबा आता."

मी सही केली. आई वारली म्हणून, आईच्या देखत. तिला वाचता येत नव्हतं. "नीट लिहिलंस ना?" तिनं विचारलं. "नाहीतर उकरून काढतील तिला."

दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर माती दिली. मास्तर सगळ्यांच्या मागं उभा होता. खांदा द्यायला त्याला कुणी पुढं बोलावलं नाही. मीसुद्धा नाही. लोक माझा हात धरून म्हणत होते, "अल्ला तुझ्या माला जन्नत देवो." त्यातले निम्मे खरं जाणत होते.

घरी आलो तर मा दारातच.

"माती नरम होती का रे?"

"होती."

"बरं," ती म्हणाली, आणि फळीवरची भांडी उतरवून गोणीत भरू लागली. खोली उद्या रिकामी करायची होती.