इकडून ठेंगणी, तिकडून उंच

मित्रांनो, मी एक जुनी विटांची भिंत आहे. मला तोंड नाही, पण बाजू दोन आहेत, आणि माझी सगळी कहाणी त्या दोन बाजूंच्या मध्ये अडकलेली आहे.

माती माझी माय, पाणी माझा बाप, आणि भट्टीनं मला पोटच्या लेकीसारखं शेकून काढलं. ज्या गवंड्यानं मला उभं केलं, तो प्रत्येक विटेला टिचकी मारून बघायचा. खणखणीत वाजली तरच ती थरात बसायची. शेवटची वीट लावून त्यानं ओळंबा गुंडाळला आणि म्हणाला, "घ्या, सात फूट. आता हिच्याकडे बघायला नको." तेव्हापासून माझं नावच सात फुटी पडलं.

माझ्या एका बाजूला गोदामाचं आवार, दुसऱ्या बाजूला लाँड्रीवाल्यांचं अंगण. त्यांनी माझ्या अंगात आकडे ठोकून दोऱ्या बांधल्या. दवाखान्याच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, लोकांचे शर्ट माझ्यासमोर डोलायचे. एकदा वादळात सगळ्या गल्लीचे पत्रे उडाले, मी हलले नाही. तेव्हा येणारेजाणारे माझ्या पाठीवर थाप मारून जात.

पण "हिच्याकडे बघायला नको" हे घरच्यांनी जरा जास्तच मनावर घेतलं. त्या काळी इस्त्र्या कोळशाच्या होत्या. रोजची राख माझ्या पायाशी पडायची. फुटक्या फरश्या, विटांचे तुकडे, सगळं तिथंच. वरून धुण्याचं पाणी जायचं, पायांनी तुडवलं जायचं, आणि राखेची जमीन व्हायची. इतक्या सावकाश मी गाडली जात होते की कुणाला जाणवलं नाही. विजेच्या इस्त्र्या आल्या तोवर अंगणाच्या बाजूनं मी सात फुटी उरले नव्हते, चांगली फूटभर कमी झाले होते. नाव मात्र तेच राहिलं. कुणी वर चढून गोदामाकडे डोकावलं, तर म्हणायचं, "त्यांची जमीन खड्ड्यात आहे."

लाँड्रीवालीला दोन मुलं. दादा मोठा, भिंगरी धाकटी. एका जागी ठरत नाही म्हणून आईनंच तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली होती.

दादाला फौजेत जायचं होतं. भरतीच्या चाचणीत धावणं, दोर चढणं आणि शेवटी सात फुटी भिंत ओलांडणं. "भिंत तर घरचीच आहे," म्हणत तो वर्षभर माझ्यावर चढला. धावत यायचा, माझी कड धरायचा, वर स्वार व्हायचा. पलीकडे गोदामाचा कुत्रा, म्हणून तिथूनच परत अंगणात उडी. प्रत्यक्ष चाचणीत मात्र त्याची बोटं कडेला लागलीच नाहीत. सगळ्यांदेखत पुन्हा पुन्हा घसरून तो खाली आला. वयाच्या अटीत बसणारी ती त्याची शेवटची भरती होती.

मामा येऊन म्हणाला, "घरच्या भिंतीवर वाघ, बाहेरच्या भिंतीपुढे मांजर!"

दादा हसला. पण त्यानंतर त्यानं इस्त्रीचं टेबल फिरवून घेतलं आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहू लागला. पोरगा ऐन वेळी घाबरला, असं घरात ठरून गेलं. हळूहळू त्यालाही तेच खरं वाटू लागलं.

आणि मग भिंगरी म्हणाली, "आता मी जाणार."

"एकानं तोंड फोडून घेतलं ते पुरे नाही का गं?" आई म्हणाली. पण भिंगरी धावू लागली होती. दादा पाठमोराच ओरडायचा, "गुडघा उचल! नाचायला निघालीस की पळायला?" माझ्याकडे ती आली की मात्र तो इस्त्रीवर वाकायचा.

ती झेपावायची, कड धरायची, वर यायची. अगदी दादासारखी. मित्रांनो, तिची बोटं माझ्या कडेवर इतक्या सहज पोचत, आणि माझा जीव खालीवर होई. ही लेक चुकीची उडी शिकते आहे, हे मला कळत होतं. सांगणार कशी? चाचणी पंधरा दिवसांवर आली.

एका दुपारी वारा सुटला आणि दवाखान्याची चादर माझ्यावरून उडून गोदामात पडली. कुत्रा साखळीला होता. भिंगरीनं वर चढून पलीकडे उडी टाकली, चादर खांद्यावर घेतली आणि परत यायला धावली. तिचा हात माझ्या अंगावर आपटला. कड वर राहिली. चादर टाकून पुन्हा धावली. पुन्हा हात खालीच. कुत्रा साखळी ताणून भुंकत होता आणि ती माझ्या पोटावर नखं ओरबाडत होती.

पहारेकरी काका आले. "काय गं, चादर चोरतेस?"

"आमचीच आहे, काका!"

"मग भिंतीशी कुस्ती कशाला? दार आहे की."

ती गोदामाच्या दारातून बाहेर पडली आणि वळसा घालून अंगणात आली. दारातच थबकली. एक पाय बाहेर, एक आत.

"आई, आपल्या दारात चढ आहे."

"मग? आधीपासून आहे."

"गोदामाच्या दारात नाही. ते रस्त्याला सपाट आहे. खड्डा त्यांच्याकडे नाही गं, उंचवटा आपल्याकडे आहे."

तिनं सळई घेतली आणि माझ्या पायाशी खणू लागली. काळी राख निघाली. आणखी राख. मग माझी वीट, तिच्याखाली आणखी एक वीट. तेवढ्यात शर्ट जळल्याचा वास सुटला. दादा इस्त्री तशीच टेकवून वळला होता.

तो गुडघ्यांवर बसला. गाडलेल्या विटांवरून त्यानं हात फिरवला. मग म्हणाला, "उद्यापासून तू पलीकडून उडी मार."

"मालक यायच्या आत उरका," पहारेकरी काका म्हणाले. "आणि हातपाय मोडलेस तर मी तुला ओळखत नाही."

पहिल्या सकाळी ती वीतभर कमी पडली. मग चार बोटं. तिथंच अडकली. कोपरांची कातडी माझ्या गिलाव्याला चिकटून राहायची. आई पट्ट्या बांधायची आणि तोंड फिरवायची. दादा आता माझ्यासमोर उभा असायचा. "कडेकडे बघू नकोस. आधी पाय. लाथ घाल भिंतीला! ती काय तुझी मावशी लागते?"

ती लाथ घालायची, माझा गिलावा ढासळायचा. घाल पोरी, अजून जोरात घाल, मी मनात म्हणायचे.

जायच्या दिवशी सकाळी तिची पिशवी दारात भरून ठेवलेली होती. दोनदा ती घसरली. तिसऱ्यांदा पाय माझ्या छातीवर दाणकन बसला आणि तिची बोटं कडेवर आली. पण जिथं आली, तिथली वीट सुटलेली होती. कुणी कधी बघितलीच नव्हती. वीट डुगडुगली. भिंगरी लोंबकळत होती.

"वीट हलतेय! हात सरकव!" दादा ओरडला.

तिनं एक हात सोडला. तेवढा क्षण ती नुसत्या डाव्या हाताच्या बोटांवर होती. मग उजवा हात शेजारच्या पक्क्या विटेवर बसला, कोपर वर आलं, गुडघा आला, आणि ती अंगणात राखेत जाऊन पडली. वीट गोदामात पडून फुटली. आई धावली. भिंगरी राखेनं माखलेलं तोंड वर करून हसत होती.

चाचणीच्या दिवशी घरात कुणी धड जेवलं नाही. फोन वाजला तेव्हा आईचे हात साबणात होते. दादानं उचलून तो मोठ्या आवाजावर लावला.

"झाली का गं भिंत?" आईनं विचारलं.

"झाली आई! सगळंच झालं, घेतलं मला!" मग ती म्हणाली, "दादा, मी खाली उतरल्यावर मागं फिरून बघितलं. इथली भिंत दोन्ही बाजूंनी सारखी आहे रे. तू घाबरला नव्हतास."

दादानं फोन आईच्या कानाशी धरला आणि मान फिरवली. मग फावडं घेऊन माझ्याकडे आला. अंधार पडेपर्यंत तो राख उपसत होता. किती वर्षांनी माझ्या पायांना वारा लागला!

मित्रांनो, भिंतीच्या पायाशी राख आणि राडारोडा टाकू नका. ओल चढते, विटा पोखरल्या जातात. आणि तिच्या उंचीवर भरवसा ठेवून कुणीतरी उडी शिकत असतं. तरीही कुणाचा हात पोचला नाही, तर त्याला मांजर म्हणण्याआधी एक काम करा. तो जिथून उडी मारायला शिकला, ती जमीन एकदा खणून बघा.