बघू म्हणजे काय

मालकीणबाई ‘बघू’ म्हणाल्या आणि सगळं मुसळ केरात गेलं.

या मालकीणबाई रंगाच्या कारखान्याच्या. महिलांच्या फुटबॉल संघात त्या पैसे घालायला निघाल्या होत्या, निदान कोच तसं म्हणत होत्या. बैठक कारखान्यातच होती. खुर्च्या इतक्या मऊ, की बसलेल्या माणसाला उठावंसं वाटू नये. संघातर्फे दोघीच, कोच आणि कुलूप. कुलूप म्हणजे गोलकीपर. तिच्या हातून सहसा काही सुटत नसे, म्हणून पडलेलं नाव. सकाळ-संध्याकाळ मैदान, मधला सगळा दिवस चष्म्याच्या दुकानात नोकरी.

बैठकीत मात्र तिच्या हातून सगळंच सुटत होतं. मालकीणबाई म्हणाल्या, ही देणगी नाही. बरं. मग म्हणाल्या, मला नफाही नको. तेही बरं. मग म्हणाल्या, पण संघ स्वतःच्या पायावर उभा राहिला नाही तर चालायचं नाही. दान नाही, धंदा नाही, मग हे आहे तरी काय? कुलूपने कोचकडे पाहिलं. कोच जोरजोरात मान डोलावत होत्या, म्हणजे त्यांच्याही डोक्यावरून चाललं होतं.

“म्हणजे आम्हाला पगार मिळणार का?” कुलूपने शेवटी सरळच विचारलं. तिला एवढंच हवं होतं. आयुष्यात एकदा नुसतं खेळून घर चालवायचं होतं.

“बघू,” मालकीणबाई म्हणाल्या.

आता ‘बघू’चा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. सहलीला पाठवाल? बघू. म्हणजे गुपचूप घरी बस. कोच जिन्यातच म्हणाल्या, “सोड आता. गेलं पाण्यात.”

दुकानदारकाका कधीचे मागे लागले होते, “नवी शाखा तू सांभाळ. पण रविवारीही यावं लागेल बरं का.” सामने रविवारीच असत, म्हणून ती टोलवत आली होती. आता वाट तरी कशाची बघायची? तिने हो म्हणून टाकलं. आईला आनंद झाला, काकांना आनंद झाला. तिला तेवढं जेवण गेलं नाही.

रविवारी ती एका गिऱ्हाईकाचा नंबर तपासत असताना कोचचा फोन आला.

“अगं, त्या आल्यात!”

“कोण?”

“मालकीणबाई! म्हणतात, बघू म्हटलं होतं, म्हणून बघायला आले.”

“म्हणजे ‘बघू’ म्हणजे खरंच बघू?”

“मला काय विचारतेस! तू आधी ये. राखीव खेळाडूंत तुझं नाव घालून ठेवलंय.”

गिऱ्हाईकाच्या नाकावर तपासणीची फ्रेम तशीच ठेवून कुलूप पळत सुटली. मागून काका हाका मारत होते.

सामना रंगात आला होता. कुलूपच्या जागी धाकटी उभी होती, संघातली नवी पोर, आणि एकामागून एक चेंडू अडवत होती. गोलच्या मागच्याच बाकावर मालकीणबाई टाळ्या पिटत होत्या. संघाची जर्सी चढवून कुलूप त्यांच्या शेजारी टेकली. धाकटी अशीच खेळली तर पैसे येणार, पगार सुरू होणार. पण मग तो पगार कुणाला? देवाजवळ मागायचं तरी काय, हेच तिला कळेना.

तेवढ्यात धाकटी जरा जास्तच पुढे सरकली आणि चेंडू तिच्या डोक्यावरून जाळीत गेला. सगळं मैदान हळहळलं. कुलूपला मात्र आनंद झाला. चांगला पोटभर आनंद. आपल्याच संघावर गोल होतो आणि आपल्याला बरं वाटतं, याची तिला इतकी लाज वाटली, की मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“तुम्ही हसलात,” मालकीणबाई म्हणाल्या. त्या रागावल्या होत्या की नुसतं विचारत होत्या, काही समजेना.

थाप मारावी असं कुलूपच्या मनात आलं, पण तोंडून भलतंच निघालं. “ती जागा माझी आहे.”

ती उठली आणि कोचजवळ जाऊन म्हणाली, “मला उतरवा.”

कोचनी खूण केली. धाकटी बाहेर आली, हातमोजे काढून तिने कुलूपच्या हातात दिले. ते आतून घामाने ओले झाले होते.

“ताई, चेंडू काढायला मागे वळले तेव्हा मला दिसलं,” ती म्हणाली. “तुम्ही हसत होता.”

पंचाने शिट्टी वाजवली. ते ओले हातमोजे चढवत कुलूप गोलकडे धावली.